तिसरा दिवा

"बाहेर दिवा, स्वयंपाकघरात दिवा आणि आता न्हाणीघरातसुद्धा दिवा हवा! हे घर आहे की सर्कशीचा तंबू?"

बाबा ओरडत बाहेरच्या खोलीत आले तेव्हा ताई पुस्तकात डोकं घालून बसली होती. ताई म्हणजे त्यांची मुलगी. घरात सगळेच तिला ताई म्हणत, बाबासुद्धा. न्हाणीघरातून आईने दिवा लावायला सांगितलं होतं, म्हणजे खरा गुन्हा आईचा होता. पण न्हाणीघराला आतून कडी होती आणि ताई हाताशी होती. बाबांनी स्टूल ओढलं, हाताला फडकं गुंडाळलं, वर चढले आणि तिच्या डोक्यावरचा दिवा फिरवून काढून घेतला. गोष्टीतली माणसं नुकतीच कुठे नावेत बसली होती. ती तशीच काळोखात राहिली.

"बाबा, नुसतं बटण बंद केलं असतं तरी चाललं असतं."

"बटण काय, कुणीही पुन्हा दाबतं. दिवाच नसला की प्रश्न मिटला."

"पण मी वाचत होते."

"आई बाहेर आली की वाच. दोन दिवे झेपतात ह्या घराला. तिसरा झेपत नाही. किती वेळा सांगायचं तुम्हाला?"

ताईच्या पोटातून राग वर आला, घशापर्यंत आला आणि नेहमीप्रमाणे तिथेच अडला. ती दुसऱ्या गावच्या ग्रंथालयात नोकरी करत होती आणि रजेवर घरी आली होती. तिथे मोठ्याने बोलणाऱ्या वाचकांना ती नुसत्या नजरेने बाहेर काढत असे. इथे मात्र ती म्हणाली, "बरं बाबा."

बाबा आयुष्यभर वजनमापं तपासणारे अधिकारी होते. छापील आकडा विकणाऱ्याचा असतो, खरा आकडा आपण काढायचा असतो, हे त्यांचं पहिलं तत्त्व. बिस्किटाचा पुडा घरात आला की तोंडात जायच्या आधी तराजूत बसे. दुसरं तत्त्व असं की, मोजायची वस्तू शांत हवी. हलणारी, ओली किंवा तापलेली वस्तू खोटं बोलते. मुलं शाळेत होती तेव्हा त्यांनी विजेची मापं घ्यायचा एक मीटर विकत आणला आणि पहिली धाड घातली ती घरातल्या दिव्यावर. दिव्यावर लिहिलं होतं शंभर वॅट. बाबांनी तो काढला, पुरता निवू दिला, टेबलावर आडवा ठेवला आणि त्याचा रोध मोजला. चाळीस ओहम. घरातला विजेचा दाब दोनशे तीस व्होल्ट. दाबाला रोधाने भागलं की धारा मिळते, म्हणजे पावणेसहा अँपिअर. धारेला पुन्हा दाबाने गुणलं की शक्ती मिळते, म्हणजे तेराशे वॅटच्या वर. नोकरीत त्यांना शंभर ग्रॅमच्या जागी नव्वद देणारे पुष्कळ भेटले होते. शंभरच्या जागी तेराशे देणारा हा पहिलाच. दिव्यांच्या लाइनचा फ्यूज होता पंधरा अँपिअरचा. दोन दिव्यांचे साडेअकरा झाले, तिसरा लावला की सव्वासतरा. म्हणून ह्या घरात तिसरा दिवा नाही.

विजेचं बिल ह्या हिशेबापेक्षा फारच कमी येई. त्यावरून बाबांनी ओळखलं की घरावरचा मीटरही सदोष आहे, आणि दोष आपल्या फायद्याचा असल्यामुळे प्रामाणिक माणूस म्हणून त्यांनी वीज खात्याकडे स्वतःविरुद्ध तक्रार केली. खात्याने त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. पुढे नव्या तऱ्हेचे, कमी वीज खाणारे दिवे निघाले. बाबांनी त्यांच्यावरही मीटर लावून पाहिला तर काटा हलेना. "हा आपलं वजनच करू देत नाही," ते म्हणाले, "म्हणजे काहीतरी लपवतोय." नवे दिवे परत गेले आणि जुन्यांचा साठा कपाटात भरला.

एकदाच, ताईच्या धाकट्या भावाने, शाळेतून आल्या आल्या चेष्टेने तिसरं बटण दाबलं होतं. त्याच क्षणी घरातलेच नव्हे, सगळ्या गल्लीतले दिवे गेले. पोराला दोन फटके बसले. मग बाबा त्याचा कान धरून घरोघर गेले आणि आमच्या मुलामुळे आपल्याला त्रास झाला म्हणून प्रत्येकाची माफी मागून आले. लोकांनीही मोठ्या मनाने क्षमा केली. त्यानंतर तिसऱ्या बटणाकडे कुणी बोट दाखवायचीही हिंमत केली नाही.

तर त्या दिवशी आई न्हाणीघरातून बाहेर आली, तिथला दिवा बंद झाला, बाबांनी ताईचा दिवा परत लावून दिला आणि "आता वाच की," असं म्हणून स्टूल जागच्या जागी ठेवलं. जेवताना ते भेंडीबद्दल काहीतरी बोलले. सकाळी आई चहा घेऊन गेली तेव्हा ते उठले नाहीत.

भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली आणि घरात दोनच दिवे. आई बटणांच्या पाटीखाली खुर्ची टाकून बसली होती. कुणी सहज हात वर केला तरी ती म्हणे, "नको. ते गेले म्हणून काय नियम गेला?" संध्याकाळी येणारे लोक चाचपडत आत येत, कुणाच्या तरी पायावर पाय देत आणि आवाजाच्या दिशेने नमस्कार करत. एका वयस्क गृहस्थांनी शेजारणीलाच आई समजून तिचं बराच वेळ सांत्वन केलं. तिनेही शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि हुंदका दिला. जाताना चपलांची अदलाबदल तर इतकी झाली की काही लोक केवळ चप्पल बदलायला पुन्हा भेटून गेले.

ताई हे सगळं दात आवळून पाहत होती. बाबा गेल्याचं रडू तिला येत नव्हतं. येत होता तो नुसता राग. लोकांचा, चपलांचा, त्या पाटीखालच्या खुर्चीचा. तशात आई बोळातून स्वयंपाकघराकडे जाताना अंधारात एका बॅगेला अडखळून पडली आणि गुडघ्यावर आपटली.

बॅग ताईच्या भावाची होती. त्याला घरात छोट्या म्हणत. छोट्याचं वजन नव्वद किलो होतं आणि हाताखाली मोठं ऑफिस होतं. छापील नाव आणि प्रत्यक्ष माल यांच्यातली एवढी एकच तफावत बाबांनी चालवून घेतली होती.

"झालं, ठरलं!" आईच्या गुडघ्यावर बर्फ धरत छोट्या म्हणाला. "आई माझ्याकडे येणार. घराला कुलूप."

"तुझी बॅग मधे होती," ताई म्हणाली.

"प्रश्न बॅगेचा नाही ताई, वायरिंगचा आहे. बाबाच म्हणायचे ना, ह्या घराला तिसरा दिवा झेपत नाही? मग बोळात दिवा कसा लावणार? रात्री उठली तर? उद्या गुडघा शेकायचं यंत्र लागलं तर? सगळी गल्ली अंधारात घालायची का परत?"

"आईला विचारलंस?"

दोघांनी आईकडे पाहिलं. आई आपल्या स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहत होती. तिथल्या खिडकीत तिची रोपं होती, खिडकीपलीकडे शेजारीण होती आणि शेजारणीकडे अख्ख्या गल्लीच्या बातम्या होत्या. छोट्याचं घर अकराव्या मजल्यावर होतं. तिथे खिडकीबाहेर फक्त ढग होते, आणि तेही बोलणारे नव्हते.

"मला कुठे जायचंय?" आई हळूच म्हणाली. "पण ते म्हणायचे झेपत नाही, तर झेपत नाही. मी कशी म्हणू झेपतं?"

"बघ!" छोट्या म्हणाला.

"काय बघ? ती जायचं नाही म्हणतेय."

"ती बाबांचा शब्द मोडायचा नाही म्हणतेय. मी वायरमनला बोलावलंय. तो सांगेल वायरिंग कसं आहे ते."

"काय सांगायचं ते तू त्याला आधीच सांगितलं असशील."

छोट्याने बर्फ बदलला.

वायरमन आला. त्याच्या कमरेला नाना अवजारं लटकत होती आणि तोंडात होकार होता. छोट्या म्हणाला, "वायरिंग जुनं आहे ना?" तो म्हणाला, "एकदम जुनं, साहेब." ताई म्हणाली, "अजून कुठे काही जळलेलं नाही ना?" तो म्हणाला, "अजिबात नाही ताई, माल पक्का आहे." आई म्हणाली, "चहा घेणार?" तो म्हणाला, "घेणार."

"तिसरा दिवा लावून बघते मी," ताई म्हणाली आणि बटणाकडे निघाली.

"ताई, नको!" छोट्या खिडकीकडे धावला आणि गल्लीकडे पाहत उभा राहिला, जणू लोकांना आधीच हाक मारून सावध करावं. ताईने बटण दाबलं. बोळातला दिवा लखकन पेटला, टिच्च असा आवाज झाला आणि विझला.

"गेली! गल्ली गेली!" छोट्या ओरडला.

"गल्ली तिथेच आहे. बाकीचे दोन दिवे बघ की, पेटलेत. एक जुनाट दिवा तेवढा उडाला." ताईने कपाटातून दुसरा काढून लावला. तो पेटला आणि पेटलेलाच राहिला. तिने रागारागात न्हाणीघरातलाही लावला. चार दिवे झाले. आईने डोळे मिटून घेतले. फ्यूज शांत होता.

"आता बोल," ताई म्हणाली.

छोट्या काही ऑफिस उगीच चालवत नव्हता. "हे तर जास्तच धोक्याचं," तो म्हणाला. "चार दिव्यांचे तेवीस अँपिअर झाले. पंधराचा फ्यूज उडायला हवा होता. उडाला नाही, म्हणजे फ्यूजच खराब."

"म्हणजे उडाला असता तर घर खराब, आणि नाही उडाला तर फ्यूज खराब?"

"बरोबर."

"साहेबांचं बरोबर आहे," वायरमन म्हणाला.

ताईच्या कपाळाची शीर उडू लागली. "तुमच्या कमरेला तो चिमटा कसला आहे?"

"हा होय? वायरला नुसता चिमटा लावायचा, आतून किती करंट वाहतोय ते कळतं."

"मग लावा ना! मघापासून शोभेला बांधलाय का?"

वायरमनने स्टुलावर चढून दिव्याच्या लोंबत्या वायरीला चिमटा लावला आणि आकडा वाचला. "शून्य."

"बघ, वायरच मेली आहे," छोट्या म्हणाला.

"मग दिवा कशावर पेटलाय? माझ्या रागावर?" ताई कडाडली. तिने वायरमनच्या पिशवीतून त्या यंत्राचं माहितीपत्रक काढलं. त्याची घडीसुद्धा कुणी मोडली नव्हती. ती उभ्यानेच वाचू लागली. "हे बघा, चित्रच काढलंय. एका वेळी एकच तार चिमट्यात धरायची. तुम्ही दोन्ही धरल्यात. एकीतून जातो तेवढाच दुसरीतून परत येतो. दोन्हींची बेरीज शून्यच येणार."

"अगदी बरोबर ताई," वायरमन म्हणाला. "मी दोन्ही धरल्यात."

त्याने पीळ सोडवून एक तार वेगळी केली आणि तिच्यावर चिमटा लावला. ह्यावेळी तोही जरा वाकून पाहू लागला. "शून्य दशांश चार तीन."

"पावणेसहा नाही?" छोट्याने विचारलं.

"अर्धासुद्धा नाही, साहेब."

ताईने बाबांचाच मीटर घेऊन विजेचा दाब मोजला. दोनशे तीस. मग पेन्सिल घेऊन सरळ भिंतीवर हिशेब मांडला. आई "भिंत!" म्हणाली, पण कुणी ऐकलं नाही. दोनशे तीस गुणिले शून्य दशांश चार तीन. अठ्ठ्याण्णव दशांश नऊ. ताईने उडालेला दिवा उचलून काचेवरचा आकडा वाचला आणि संतापून तो छोट्याच्या नाकासमोर धरला.

"शंभर वॅट," ती म्हणाली. "छापलंय तेच खरं आहे. पहिल्या दिवसापासून खरं आहे."

"मग बाबांनी मोजला होता तो?"

ताईने कपाटातला एक कोरा दिवा घेतला, टेबलावर आडवा ठेवला आणि बाबांसारखाच मोजला. चाळीस ओहम. मग पेटत्या दिव्याचा दाब धारेने भागला. पाचशे पस्तीस. तिने दोन्ही आकडे भिंतीवर शेजारी शेजारी लिहिले आणि त्यांच्याकडे बघत राहिली.

"तार थंड असली की रोध चाळीस," ती म्हणाली. "पेटून पांढरी झाली की पाचशे पस्तीस. तापलेल्या तारेचा रोध वाढतो, शाळेत शिकलो होतो आपण. रोध वाढला की धारा कमी. बाबांनी दिवा निवू दिला, झोपवला आणि मग मोजला. त्यांचं बरोबर होतं, पण ते बटण दाबल्याबरोबर पहिल्या क्षणापुरतं. तेवढाच वेळ दिवा पावणेसहा ओढतो. पुढचा सगळा वेळ पाव आणि अर्ध्याच्या मधे."

"मग ह्या फ्यूजवर दिवे किती चालतील?"

ताईने भागाकार केला. "चौतीस."

"चौतीस खोल्या कुठून आणायच्या, ताई?" वायरमनने काळजीने विचारलं.

छोट्या मात्र वेगळ्याच विचारात पडला होता. "म्हणजे ताई, त्या दिवशी... गल्ली..."

"गल्लीची वीज आपसूक गेली होती. रोज कुठे ना कुठे जायचीच तेव्हा."

"म्हणजे ते मी नव्हतं केलं?"

"नव्हतं केलंस."

नव्वद किलोचा माणूस मटकन खुर्चीत बसला. "मी नव्हतं केलं," तो वायरमनला म्हणाला.

"तुम्ही नव्हतंच केलं साहेब," वायरमन म्हणाला.

"माफी मागायला लावली मला. घराघरात. माझ्या वर्गातली मुलं बघत होती!" छोट्याचा चेहरा लाल झाला होता. एवढी वर्षं आत ठेवलेली गोष्ट बाहेर आली आणि तिला जागा पुरेना. "आई, तू इथेच राहा. ह्या वायरिंगला काही धाड भरलेली नाही!"

सगळ्यांनी आईकडे पाहिलं. आई भिंतीवरच्या आकड्यांकडे पाहत होती.

"म्हणजे मी इतकी वर्षं चाचपडत भाजी चिरली ती उगाच?" ती म्हणाली. "बाहेर तुम्ही वाचायला बसायचात आणि मी न्हाणीघरात अंधारात डोळ्यात साबण घालून घ्यायचे, तेही उगाच?"

"उगाच."

आईने श्वास सोडला. ती रागावेल असं वाटलं, आणि ती रागावलीही, पण ताईवर. "कुणी सांगितलं होतं तुला मोजायला? माणूस जाऊन किती दिवस झाले? त्याच्या पाठीमागे, त्याच्याच मीटरने, त्याच्याच भिंतीवर! असं कुणी करतं का?"

"तुला इथे राहायचंय ना?"

"राहायचंय. पण चोरून नाही राहायचं. ते असताना दोन दिवे आणि गेल्यावर चार, असं मला जमायचं नाही. त्यांना कुणीतरी सांगा. सरळ सांगा की तुमचं चुकलं. मग मी राहते. नाहीतर छोट्या, बॅग भर."

"तूच सांग ना," छोट्या म्हणाला.

"मी? मी कधी त्यांना तसं म्हटलंय का? तू सांग."

छोट्याने छताकडे पाहिलं. ऑफिसात तो रोज कुणाला ना कुणाला त्याची चूक सांगत असे. "मला आत्ताच जरा बरं वाटायला लागलंय," तो म्हणाला. "तेवढं राहू दे."

"मी सांगू का?" वायरमनने विचारलं.

"तुम्ही गप्प बसा!" तिघंही एकदम ओरडली.

ताई उठली. आतल्या खोलीच्या दारात गेली आणि तिथला दिवाही तिने लावला. आता घरात एकाही खोलीत काळोख नव्हता. हे घर तिने असं कधी पाहिलंच नव्हतं. भिंतीचे पोपडे, कपाटामागची जळमटं, पलंगाखालची धूळ, कोपरा न् कोपरा एकाच वेळी दिसत होता, आणि कुठल्याच कोपऱ्यात बाबा नव्हते. अंधारात इतके दिवस तसं नक्की सांगता येत नव्हतं.

मागे आई आणि छोट्या उभे होते. राग पोटातून वर आला, घशापर्यंत आला. ह्यावेळी तो तिथे अडला नाही.

"बाबा," ताई म्हणाली. आवाज इतका मोठा निघाला की वायरमनने कप खाली ठेवला. "तुमचं चुकलं. दिवा झोपवून मोजायचा नव्हता, पेटता असताना मोजायचा होता. मला वाचायचं होतं. आईला कांदा दिसायला हवा होता. चुकलं तुमचं, बाबा. भिंतीवर मांडलाय हिशेब, कुठे खोट असेल तर दाखवा. या, दाखवा ना. बोला ना काहीतरी."